सतरावा महिना

बाळकृष्ण दिघ्यांच्या हॉलमध्ये, देवघराशेजारच्या भिंतीवर, एक नुसता दांडा टांगलेला आहे. बेस गिटारचा दांडा. गिटारवाले त्याला नेक म्हणतात, मी दांडाच म्हणते. धड नाही, तारा नाहीत, चार खुंट्यांपैकी एक गायब. आल्यागेल्याला वाटतं, कुत्र्याबित्र्यासाठी काठी ठेवली असेल. मी एकदा नव्या पोस्टमनला सांगितलंही होतं, की चार नंबरला जरा जपून, तो दांडा नेम धरून मारतात. बिचारा महिनाभर फाटकाबाहेरूनच पत्रं टाकत होता.

मी सुहासिनी कर्णिक, पाच नंबर. मधली भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की दिघ्यांच्या शालिनीवहिनींनी फोडणी दिली की शिंक मला येते. बावीस वर्षं मी इथे बडोद्यात, मकरपुऱ्याला पंपाच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवायची. कॉम्प्युटर आले, ट्रेसर गेले. हातात अक्षर राहिलं आणि अंबाड्यात पेन्सिल राहिली. कडक शिशाची, सुईसारख्या टोकाची. पुढे जे झालं ते या पेन्सिलीने झालं. हाताने झालं असं म्हणायला पाहिजे, पण अजून जीभ रेटत नाही.

बाळकृष्ण दिघे, म्हणजे आमचे भाऊ, सहासष्ट वर्षांचे. वडील प्रतापनगरला रेल्वेत होते, भाऊ कोयलीला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. दिवसा मोठाल्या नळ्यांवरची दाब मोजायची घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी क्लबात बेस वाजवायची. नवरात्रात नऊ दिवस गरब्याच्या ऑर्केस्ट्रात. गाणाऱ्या बाईचं नाव सगळ्यांना ठाऊक, ढोलवाल्याचं ठाऊक, मागे कोपऱ्यात जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला हा उंच, वाकलेला माणूस कोणाच्याच लक्षात नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही वाजवता ते ऐकू का येत नाही हो?"

"मी थांबलो की सांग."

"म्हणजे?"

"थांबलो की पाय अडखळतात लोकांचे. तेव्हा कळतं."

निवृत्तीनंतर भाऊंनी हौसेचाच धंदा केला. जुन्या बेस गिटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. माल कुठून येतो? तिकडे भावनगरजवळ अलंगला जहाजं फोडतात. जहाजात खलाशांची करमणुकीची खोली असते, तिथलं सगळं सामान रस्त्याकडेच्या दुकानांत येऊन पडतं. कपबशांच्या ढिगात एखादी गिटार. भिंतीवरचा तो दांडाही तिथलाच. धड पाण्याने कुजून गेलं होतं म्हणे. बाकीच्या गिटारी बुजुर्ग ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यांवरून, नाहीतर आपल्या शुक्रवारी बाजारातून.

पण भाऊंची खरी ख्याती विकण्याची नाही, ओळखण्याची, आणि ती नोकरीत असल्यापासूनची. सुरतेपासून अहमदाबादपर्यंत कोणालाही जुनी बेस मिळाली की तो आधी मांजलपूरला आमच्या सोसायटीत येणार. भाऊ ती मांडीवर घेणार. वास घेणार. स्पीकरला न जोडताच एक तार छेडून लाकडाला कान लावणार. मग मागचे चार स्क्रू काढून दांडा धडापासून वेगळा करणार, कारण दांड्याच्या बुडाशी, आत दडलेल्या जागी, जुने अमेरिकन कारागीर पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहीत असत. मग आवाजाच्या बटणांच्या पाठीवरचे बारीक आकडे. त्यातले सुरुवातीचे आकडे बटण बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. खोटी गिटार जुनी दिसावी म्हणून लोक तिला पॉलिश पेपर मारतात, सिगारेटचे चटके देतात, चहाच्या पाण्यात स्क्रू बुडवतात. हे सगळं भाऊ बघता बघता सांगत जायचे.

वहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा एवढं निरखलं नव्हतं."

मी म्हणायची, "वहिनी, तेव्हा मागचे स्क्रू काढून बघितले असते तर तुमचं खरं साल कळलं असतं."

"तू गप गं," भाऊ म्हणायचे, पण हसायचे.

आणि सगळं बघून झालं की चिठ्ठी. रिफायनरीत यंत्रांवर फिरायचे ते फिकट हिरव्या रेघांचे गोल कागद भाऊंकडे गठ्ठ्याने आहेत, जुने, रद्दीत निघालेले. त्याचा एक तुकडा कापायचा आणि दोन ओळी. "पाहिली आहे. खरी आहे." किंवा "पाहिली आहे. खरी नाही. वाजते छान." खाली बा. दिघे, बडोदे. ती चिठ्ठी घडी करून गिटारच्या पोटात, झाकणाखाली ठेवायची आणि स्क्रू लावून टाकायचे. गुजराती मंडळी म्हणायची, "बाळुकाकानी चिठ्ठी छे ने? तो बस." तीस वर्षांत एकही चिठ्ठी परत आली नव्हती. भाऊंकडे गाडी नाही, फ्लॅट नाही, पोरबाळ नाही. होती ती ही चिठ्ठी.

आता माझं ऐका. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भाऊ मला फाटकाशी भेटले आणि न बोलता पुढे गेले. दोनदा. मी ते सोसायटीभर केलं. "भाऊंना आता ओळख नको झालीये, मोठमोठे लोक येतात ना कारने!" मग एकदा मला हाक मारून म्हणाले, "जरा या बटणावरचं वाच गं, तुझं इंग्रजी चांगलं आहे." नुसते आकडे होते. आकड्यांना कसलं इंग्रजी? मी वाचून दिले आणि बाहेर येऊन तेही सोसायटीभर केलं. "भाऊ आता आकडे विसरायला लागले!" बायका हसल्या. मला हसवायला आवडतं. हसवण्याच्या नादात मी काय बघत होते आणि काय बघत नव्हते, ते नंतर कळलं.

खंडेनवमीला भाऊंच्या घरी गिटारींची पूजा असते. आपल्याकडे हत्यारं पुजतात, भाऊ बेस पुजतात. सगळ्या उघडायच्या, साफ करायच्या, स्क्रूंना तेल द्यायचं, मग हळदकुंकू, झेंडू. फुलं लावायला दरवर्षी मीच. गेल्या वर्षीच्या नवमीला पाटावर सहा गिटारी होत्या. सहावी डभोईच्या केयूरची. केयूरचे वडील तीस वर्षं गरब्यात बेस वाजवायचे, भाऊंच्या ओळखीचे. ते उन्हाळ्यात वारले. केयूर स्वतः कीबोर्ड वाजवतो. बेसचं काम आता तो कीबोर्डवर डाव्या हातानेच करत होता. वडिलांची गिटार अष्टमीला ठेवून गेला होता. "काका, बघून ठेवा. खरी असेल तर कोणी जपणारा घेऊन जाईल. नसेल तर राहील घरात."

भाऊंनी नवमीला ती हातात घेतली, तार छेडली, कान लावला. "जपानी," म्हणाले. "चांगली आहे पण जपानी, अमेरिकनची नक्कल. उद्या नीट बघतो." आणि चार स्क्रू काढून, धड आणि दांडा वेगळे ठेवून, पूजेआधी आंघोळीला गेले.

वहिनी स्वयंपाकघरात. हॉलमध्ये मी, झेंडूची परडी आणि दोन दांडे. एक पाटावर केयूरचा, एक भिंतीवर भाऊंचा. भिंतीवरच्या दांड्याच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 10-61. ते मी हजार वेळा ऐकलं होतं. दहावा महिना, एकसष्ट. पाहुणा आला की भाऊ दांडा उतरवणार आणि दाखवणार. जणू ज्ञानेश्वरांच्या हातचं काही सापडलंय.

माझ्या मनात आलं, भाऊंची जरा गंमत करू.

अंबाड्यातली पेन्सिल काढली. भिंतीवरची ढब बघून घेतली. केयूरच्या दांड्याच्या बुडाशी हलक्या हाताने तारीख घातली: 17-9-61. उदबत्तीची राख बोटावर घेऊन वरून फिरवली. साठ वर्षं जुनी झाली तारीख. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या, त्यातली एक इतकी जमली नव्हती. मी मनात वाक्यही तयार ठेवलं. दसऱ्याला आपट्याचं पान हातात देऊन म्हणायचं, "भाऊ, हे घ्या सोनं, आणि ते तुमचं एकसष्टचं आहे ना, ते पितळ आहे." भाऊ कपाळाला हात लावणार, वहिनी हसून हसून खाली बसणार. वर्षभर पुरेल एवढा किस्सा.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेतून मी थेट भाऊंकडेच गेले, जिलेबीचं पुडकं हातात. केयूर आलेला होता, नऊ दिवसांच्या जागरणाने डोळे तांबडे. आजूबाजूची चार घरंही आली होती. भाऊ दांडा हातात घेऊन, मोबाईलची बॅटरी लावून, बुडाशी बघत होते. नाक टेकेल इतकं जवळ.

"एकसष्ट," भाऊ म्हणाले.

केयूर पुढे सरकला.

"केयूर, एकसष्ट आहे रे." आणि ते खाली बसले. जमिनीवरच. मग उठले, भिंतीवरचा दांडा उतरवला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवरून एकदाच हात फिरवला. "काल मी जपानी म्हणालो. माझा कान गेला म्हणायचा. तुझ्या पप्पांना मी तीस वर्षं सांगत होतो, ही जपानी, ही जपानी. ते नुसते हसायचे. त्यांना माहीत असणार."

केयूरने भाऊंच्या पायाला हात लावला आणि तसाच वाकून राहिला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या हातातल्या पुडक्यातून पाक गळत होता, साडीवर. माझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते जिलेबीच्या तुकड्याबरोबर गिळलं आणि म्हटलं, "अरे वा! भाऊ, आता पेढे हवेत, जिलेबीवर भागायचं नाही."

सगळे हसले. मला हसवायला आवडतं.

भाऊंनी चिठ्ठी लिहिली. पाहिली आहे. खरी आहे. ओळ हिरव्या रेघा सोडून वर वर चढत गेली होती. ते मी बघितलं, आणि तेव्हाही मला कळलं नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला गेले तेव्हा सांगणार होते. घर भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, तर भाऊंनी अहमदाबादला सिद्धार्थला फोन केलेला. सिद्धार्थ मूळचा इथला, बडोद्याच्या वाडी भागातला मुलगा, जुन्या गिटारींचा नादी. त्याने फोनवरच सांगितलं, "काका, तुमची चिठ्ठी आहे, मला बघायचं कारण नाही. मी घेतली." मग कोजागिरीला सांगीन म्हटलं. कोजागिरीला भाऊ सगळ्यांना दूध देत तीच कथा सांगत होते आणि मी पेल्यात चारोळ्या मोजत होते. रोज सकाळी भिंतीपलीकडे शीळ ऐकू यायची. भाऊंना शीळ घालताना मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आता शीळ घालणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, असं म्हणून मी एकेक दिवस पुढे ढकलला. हे कारणच होतं. खरं हे, की मला भीती वाटत होती.

कोजागिरीनंतरच्या रविवारी सकाळी सिद्धार्थ आला. केयूरही आला, गिटार स्वतःच्या हाताने द्यायची म्हणून. मला वहिनींनी हाक मारली. नाही म्हणायला काही सुचलं नाही.

सिद्धार्थ म्हणाला, "काका, मला उघडायचीसुद्धा गरज नाही. फक्त त्या तारखेचा एक फोटो काढतो, फ्रेम करून लावीन."

भाऊंनी कौतुकाने स्क्रू काढले. सिद्धार्थने फोटो काढला, मोबाईलवर मोठा केला आणि हसायला लागला.

"काका, तुम्हीपण ना! मला बनवताय?"

"का रे?"

"सतरा-नऊ-एकसष्ट. हे लोक महिना आधी लिहितात, काका. तुमच्याच भिंतीवर बघा, दहा-एकसष्ट. आणि दिवस लिहिला असता तरी महिन्यानंतर. अमेरिकेत सतरावा महिना असतो का?"

तो हसत राहिला. त्याला खरंच वाटलं, भाऊंनी थट्टा केलीय. मग त्याने भाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू थांबलं.

सतरावा महिना. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बावीस वर्षं मी तारीख घातली होती, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. हात तोच गिरवत गेला. हजार वेळा ऐकलेलं दहा-एकसष्ट मला पुरं वाटलं नाही, म्हणून दिवसाची भर घातली. टापटिपीची सवय.

भाऊंनी मोबाईल मागून घेतला. तो नाकाशी धरला. फोटो मोठा केलेला होता, त्यामुळे आकडे अंगठ्याएवढे दिसत होते. त्यातल्या साताला मधून एक आडवी रेघ होती. ड्रॉइंग ऑफिसात एक आणि सात यांत गोंधळ होऊ नये म्हणून साताला असा पट्टा बांधायला शिकवतात. भाऊंच्या कपाटात स्क्रूंच्या चोवीस डब्या आहेत, सगळ्यांवरच्या पट्ट्या मी लिहून दिलेल्या. सात मिलिमीटर, सतरा मिलिमीटर, सत्तावीस. भाऊंनी मोबाईलवरून नजर उचलली, कपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मोबाईल सिद्धार्थला परत दिला.

सिद्धार्थ समजुतीने म्हणाला, "कोणीतरी मुद्दाम लिहिलंय, काका. जुनी म्हणून खपवायला. आधीच्या मालकाने असेल."

केयूर पांढरा पडला. "पप्पा एवुं नहोता करता," म्हणाला. पप्पा असं करायचे नाहीत. एवढंच. पण ते बोलताना त्याची नजर कोणाकडेच नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्याच मनात शंका आली होती हे दिसत होतं.

ही माझी वेळ होती. एक वाक्य लागत होतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

"तुझ्या पप्पांनी नाही केलं," भाऊ म्हणाले. "त्यांचं नाव कोणी काढायचं नाही. मी बघितलं नाही. माझ्या कानाने सांगितलं होतं जपानी. बटणांवरचे आकडे बघायला हवे होते, ते मी बघितलेच नाहीत. चूक माझी." त्यांनी झाकण उघडलं, चिठ्ठी काढली, घडी न उलगडता शर्टाच्या खिशात ठेवली. "सिद्धार्थ, जे जे विचारतील त्यांना सांग. दिघ्यांची चिठ्ठी चुकली म्हणून."

"अहो काका, होतं असं कधीतरी..."

"नाही. सांग. आधीच्या चिठ्ठ्याही बघून घ्या म्हणावं."

दोघं गेले. केयूरने गिटार खांद्याला लावली ती अशी, की जणू कोणाची चोरून नेतोय. मी कपबशा विसळल्या. एकाही कपातला चहा कोणी प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोडरबर घेऊन भाऊंकडे गेले. कशाला, ते देव जाणे. गिटार डभोईला होती. भाऊ खुर्चीत बसले होते, भिंतीवरचा दांडा मांडीवर.

"भाऊ."

"बस."

"मी लिहिलं."

"माहीत आहे."

"काल का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." मग मांडीवरचा दांडा सरळ करत, "तू चहाचं विचारलंस."

मला रडू आलं, पण ते रडणंही मला खोटं वाटायला लागलं, म्हणून आवरलं. म्हटलं, "भाऊ, गंमत केली हो. मला वाटलं, तुम्ही बघताक्षणी ओळखाल. तुमच्यासारखा माणूस, ताजी पेन्सिल..."

"दिसत नाही गं."

मी खुर्चीजवळ खाली बसले.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वैशाखापासून. तारीख मोठी असते, ती लागते कशीबशी. एकसष्ट दिसलं तेवढं बघितलं. बाकीचं धुकं. बटणावरचे आकडे तर मुंग्या." ते हसले. "आणि खरं सांगू? एकसष्टच बघायचं होतं. म्हणून दिसलं."

"ऑपरेशन करून घ्यायचं ना! अर्ध्या तासाचं असतं. मला सांगायचं. मी वाचून दिलं असतं सगळं."

"तुला?" भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, तेच वाईट होतं. "तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळलं असतं, आणि आठवड्यात सुरतेला. आंधळ्या माणसाची चिठ्ठी कोण घेणार? एकदा तुझ्याकडून वाचून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने विचारलं, काका, आकडे विसरता म्हणे."

आतून वहिनींचा आवाज आला, "मलाही नाही सांगितलं त्यांनी. तुझ्या भीतीने. मी तुझ्याशी बोलेन म्हणून."

असं आहे. माणूस आपल्याच घरात, आपल्या बायकोपासून, शेजारणीच्या जिभेला भिऊन डोळे लपवत होता. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्यामुळे सोसायटीत जरा जिवंतपणा आहे.

"खोडरबर ठेव," भाऊ म्हणाले. "चपला घाल. डभोईला जायचंय."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीशी. तासभरात दोघांपैकी कोणी बोललं नाही. माझा तो पहिलाच असा प्रवास असेल. डभोईच्या भागोळीशी, वेशीच्या दरवाजाशी उतरलो, तेव्हा भाऊंनी पायरी चाचपली. मी हात दिला. त्यांनी घेतला.

केयूरचं घर दरवाजाच्या आत, एका गल्लीत, खाली भांड्यांचं दुकान. त्याची आई हिंडोळ्यावर बसली होती. गिटार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. नकोसा झालेला फोटो उलटा ठेवतात तशी.

माझं गुजराती बाजारात भाव करण्याइतकं. माफी मागायचे शब्द मला त्यात कधी लागले नव्हते. जमेल तसं सांगितलं. पेन्सिल अंबाड्यातून काढून दाखवली. केयूर उभा राहिला, पुन्हा बसला. आई हिंडोळा थांबवून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मारा घरवाळाए कोईनी पेन्सिल पण नथी लीधी, बेन." माझ्या माणसाने कधी कोणाची पेन्सिलसुद्धा घेतली नाही. ओरडून नाही म्हणाली. नुसतं मला कळावं म्हणून.

मी पेन्सिल हातात धरून उभी होते.

"भूंसी नाखूं?" मी विचारलं. खोडून टाकू का?

"नाही," भाऊ म्हणाले. "खोडायचं नाही. उघड ती."

मी उघडली. झाकणाचे सगळे स्क्रू माझ्या हाताने. भाऊंनी खिशातून भिंग काढून दिलं, म्हणाले, "बटणांची पाठ वाच." मी वाचायला गेले तर वाचण्यासारखं काही नव्हतंच. अमेरिकन बटणांवर असतो तसा आकड्यांचा समूह नाही, एक चौकोनी खूण आणि दोन अक्षरं. तसं सांगितलं.

"जपान," भाऊ म्हणाले. "माझा कान ठीक आहे तर."

मग त्यांनी तो हिरव्या रेघांचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिही. तुझ्या पेन्सिलीने. तुझ्या अक्षरात." आणि सांगत गेले, मी लिहीत गेले.

पाहिली आहे. जपानी आहे. वाजते छान. आतली तारीख सुहासिनी कर्णिक, बडोदे, हिने लिहिली. मालकाने नव्हे. आधीची चिठ्ठी माझी, चुकीची.

खाली त्यांनी सही केली. बा. दिघे. सही कागदाबाहेर जाऊ नये म्हणून मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं.

केयूरने तो कागद आईला गुजरातीत वाचून दाखवला. तिने मान हलवली. मी घडी घातली, गिटारच्या पोटात ठेवली, झाकण लावलं. "स्क्रू एकदम नको आवळू," भाऊ म्हणाले, "कोपऱ्याला कोपरा, थोडे थोडे." आता ती गिटार जो जो कोणी उघडेल, आज, वीस वर्षांनी, माझ्यामागे, त्याला माझं नाव सापडेल, माझ्याच स्वच्छ अक्षरात. साताचा पट्टा घातलेली तारीख एका बाजूला, कबुली दुसऱ्या बाजूला.

केयूरने ती स्पीकरला जोडली आणि एक स्वर वाजवला. हिंडोळ्याच्या कड्या थरथरल्या. आईने हिंडोळ्याला पायाने झोका दिला. आम्ही चहा घेऊन निघालो. तो चहा मी पूर्ण प्यायले, नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

दिवाळीनंतर भाऊंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. त्याआधी मी सोसायटीतल्या प्रत्येक घरात जाऊन हे सगळं सांगितलं, ज्या ज्या दारात भाऊंवर हसवलं होतं त्या त्या दारात. कोणी हसलं नाही. दोघीतिघी अजून मला बघून विषय बदलतात. भाऊंकडे चार महिने कोणी गिटार आणली नाही. मग फेब्रुवारीत सिद्धार्थच एक घेऊन आला. म्हणाला, "स्वतःची चिठ्ठी चुकली म्हणून जो सांगायला लावतो, त्याची चिठ्ठी मला चालेल." भाऊंनी आकडे स्वतः वाचले, मोठ्याने. मला बोलावलं नव्हतं. भिंतीतून ऐकू आलं.

या नवरात्रात केयूरचा ऑर्केस्ट्रा मांजलपूरला आला होता. डाव्या हाताचं काम त्याने दुसऱ्याला दिलं आणि वडिलांची गिटार गळ्यात घातली. वहिनींनी मला ओढत नेलं. भाऊ पुढच्या खुर्चीवर बसले होते. मी मागे, चपला काढतात तिथे उभी राहिले. गाणं ऐकू येत होतं, ढोल ऐकू येत होता, आणि पायाखालच्या जमिनीतून ती गिटार येत होती. मला तिच्या पोटातलं ठाऊक होतं. भाऊंनी एकदा मागे वळून बघितलं. आता त्यांना इतक्या लांबून दिसतं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात थोपटला.

मी गेले. पण माझ्या अंबाड्यात पेन्सिल आहे की नाही हे त्यांनी आधी बघून घेतलं.

ती मी घरीच ठेवून आले होते.